बुंदाच्या माहेरी : इथिओपियातील आठ दिवस

अमरावतीच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असताना दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन चिखलदऱ्याला जाण्याचा माझा परिपाठ होता. इंग्रजी अमदानीत तेथे लावलेली कॉफीची झाडे आजही आहेत आणि महाराष्ट्रात कॉफी झाडावर पाहायची तर तेवढी एकच हक्काची जागा आहे. त्या झाडांपुढे उभी राहून मी दरवर्षी सांगत असे की लिनीयसने १७५३ साली हिचे नाव ‘कॉफिया अरॅबिका’ असे ठेवले असले, तरी ही अरबस्तानची नव्हे. हिचे माहेर इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जंगलांत आहे. पंचवीस वर्षे हे वाक्य मी पुस्तकाच्या आधाराने उच्चारले. निवृत्तीनंतर, भाची आणि भाचेजावई नोकरीनिमित्त जिम्मा शहरात राहायला गेल्यावर, ते जंगल डोळ्यांनी पाहण्याचा योग आला. कॉफीच्या तोडणीचा हंगाम साधावा म्हणून मी नोव्हेंबर महिना निवडला.

पहिला दिवस : अदिस अबाबा

मुंबईहून थेट विमान असल्यामुळे प्रवास सोपा झाला. घड्याळ अडीच तास मागे घेतले आणि विमानतळाबाहेर पडले तेव्हा भाची न्यायला आली होती. शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते. तेथील माणसे मात्र त्याच चढावर डोक्यावर ओझे घेऊन बोलत बोलत चालतात.

घड्याळाचा खरा घोटाळा पुढे झाला. निवासाच्या ठिकाणी न्याहारीची वेळ विचारली, तेव्हा ‘एक वाजता’ असे उत्तर मिळाले. भाचीने खुलासा केला की येथे दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक आणि आपले दुपारचे बारा म्हणजे त्यांचे सहा. विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या या देशात सूर्य वर्षभर जवळजवळ एकाच वेळी उगवतो, म्हणून ही पद्धत बिनबोभाट चालते. आपल्याकडच्या घटका-प्रहरांच्या मोजणीची आठवण झाली आणि ही रीत मला मनापासून आवडली.

संध्याकाळी शहराच्या जुन्या भागात ‘तोमोका’ या १९५३ पासून चालत आलेल्या कॉफीगृहात गेलो. बसायला जागा जवळजवळ नाहीच. उंच मेजांशी उभे राहून लोक लहान पेल्यांतून कॉफी पितात. १९३६ ते १९४१ या इटालियन अंमलाची ही खूण आहे. ‘माकियातो’ हा दूध घातलेल्या इटालियन कॉफीचा शब्द अदिसच्या रस्त्यावर शाळकरी मुलाच्या तोंडीही ऐकू येतो. परंतु कॉफीचे देशी नाव वेगळे आहे. अम्हारिक भाषेत तिला ‘बुना’ म्हणतात, नैर्ऋत्येकडील काफा लोकांच्या भाषेत ‘बुनो’, आणि अरबीत दाण्याला ‘बुन’. हे ऐकले आणि मी थबकले, कारण माझी आजी कॉफीच्या दाण्यांना ‘बुंद’ म्हणत असे. वाण्याकडून बुंददाणे आणून ते तुपाचा हात लावून भाजण्याची तिची पद्धत होती. ‘कावा’ हा शब्द अरबी ‘कहवा’वरून आला हे मला ठाऊक होते, ‘बुंद’ हाही त्याच वाटेने अरबी समुद्र ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात आला असणार, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

दुसरा दिवस : जिम्मा

सकाळच्या विमानाने तासाभरात जिम्म्याला उतरलो. अदिसचा कोरडा गारवा मागे पडला आणि ओलसर, हिरवा, थेट आपल्या घाटमाथ्यासारखा प्रदेश सुरू झाला.

दुपारी शहराबाहेरच्या जिरेन टेकडीवर अब्बा जिफार दुसरे यांचा वाडा पाहिला. १८७८ ते १९३२ अशी प्रदीर्घ कारकीर्द लाभलेला हा ओरोमो राजा विलक्षण व्यवहारी होता. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याचे सैन्य दक्षिणेकडे सरकू लागले, तेव्हा त्याने खंडणी कबूल करून आपल्या राज्याची अंतर्गत स्वायत्तता टिकविली. लाकडी सज्जे आणि कोरीव खांब असलेल्या त्या वाड्यातून खाली पाहिले की ज्या बाजारपेठेवर हे वैभव उभे राहिले तिचा पसारा ध्यानात येतो. तेथे कॉफी, मध आणि कस्तुरीमांजराच्या अंगचा सुगंधी द्रव यांबरोबर माणसेही विकली जात. गुलामांच्या व्यापाराचा हा भाग वाड्याच्या सौंदर्यात विसरून जाणे मला प्रशस्त वाटत नाही. कॉफीचा इतिहास सांगताना तोही सांगितला पाहिजे.

माझे मन मात्र वाड्यापेक्षा मेलकोकडे ओढत होते. जिम्म्यापासून थोड्याच अंतरावर असलेले हे कृषी संशोधन केंद्र १९६७ साली सुरू झाले आणि इथिओपियातील कॉफी-संशोधनाचे ते मुख्य ठाणे आहे. १९७१ साली या देशात कॉफीच्या हिरव्या फळांवर काळे, खोलगट डाग पाडणारा बुरशीजन्य रोग शिरला. केनियात त्याची नोंद १९२२ मध्येच झाली होती, परंतु अरॅबिकाच्या माहेरात तो पोहोचणे म्हणजे मुळावरच घाव होता. फळ दाणा भरण्याआधीच काळे पडून वाळते आणि हंगाम हातचा जातो. तेव्हा येथील संशोधकांनी औषधफवारणीवर सारी भिस्त न ठेवता जंगलाची वाट धरली. सगळीकडे रोग पसरलेला असताना जी झाडे निरोगी उभी होती ती हेरून, त्यांचे बी आणून, रोपे वाढवून, त्यांच्यावर मुद्दाम रोग सोडून त्यांची परीक्षा घेण्यात आली. १९७४ साली हेरलेल्या झाडांचे क्रमांक ७४ या आकड्याने सुरू होतात. मेट्टू भागातील जंगलातून आलेले ७४११० आणि ७४११२ हे वाण आज शेतकऱ्यांच्या तोंडी असे रुळले आहेत की आपल्याकडे एखाद्या गव्हाच्या वाणाचे नाव रुळावे.

कॉफीच्या बाबतीत जंगलाचे मोल काय, हे मला या एका गोष्टीने जितके समजले तितके कोणत्याही ग्रंथाने समजले नव्हते. जगभरच्या मळ्यांतील अरॅबिका ही येमेनमार्गे बाहेर पडलेल्या मोजक्या बियांची संतती आहे. परंपरेनुसार सुफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. सात बियांत कितीसे वैविध्य येणार? रोगाला तोंड देण्याची उरलेली सारी शिदोरी या जंगलांतच आहे.

तिसरा दिवस : बोंगा

जिम्म्याहून बोंग्याचा रस्ता शंभर किलोमीटरांच्या थोडा वर आहे. वाटेत गोजेब नदीचे खोरे लागते. रस्ता एकदम खाली उतरतो, हवा गरम होते, आणि पलीकडचा चढ चढून गेलो की काफाचा मुलूख सुरू होतो. बोंग्याजवळ वुशवुश येथे चहाचा प्रचंड मळा आहे. कॉफीच्या जन्मभूमीत नजर पोहोचेल तिथवर छाटलेली चहाची झुडपे पाहून मनाला जरा चमत्कारिक वाटले.

काफाचे राज्य पाचशे वर्षे टिकले. सीमेवर खोल खंदक खणलेले, ठरावीक वेशींतूनच प्रवेश, आणि परक्याला आत येऊ देण्यास सहसा नकार, अशी त्याची व्यवस्था होती. जिम्म्याच्या राजाने खंडणी कबूल केली. काफाचा राजा गाकी शेरोचो याने ती नाकारली. १८९७ साली मेनेलिकच्या सैन्याने काफा जिंकले, राजाला पकडून बेड्या घालून नेले, आणि त्या युद्धात व त्यानंतरच्या लुटीत हा प्रदेश इतका उजाड झाला की सोडून दिलेल्या शेतांवर पुन्हा जंगल चढले. आज आपण ज्याला अस्पर्श अरण्य समजतो, त्यातील काही भाग असा माणसे नाहीशी झाल्यामुळे वाढलेला आहे. बोंग्याच्या राष्ट्रीय कॉफी संग्रहालयात जुनी भांडी, उखळे आणि शेतीची अवजारे पाहताना ही गोष्ट मनातून जात नव्हती.

‘कॉफी’ हा शब्द ‘काफा’पासून आला, असे तेथे प्रत्येक जण अभिमानाने सांगतो. भाषेचे अभ्यासक बहुधा अरबी ‘कहवा’कडे बोट दाखवितात. मी वाद घातला नाही. शब्द कुठलाही असो, झाड इथले आहे.

चौथा दिवस : मांकिराचे जंगल

या दिवसासाठी मी घरून निघाले होते. पहाटे मोटारीने कच्च्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेलो आणि पुढे पायी चाललो. वाटाड्या तरुण होता, काफा समाजातला. तो मला ‘इमामा’ म्हणू लागला. वडीलधाऱ्या बाईला हाक मारण्याची ही रीत आहे आणि ती ऐकल्यावर परकेपणा उरला नाही.

आपल्या डोक्यात कॉफीचे चित्र असते ते मळ्याचे: ओळीत लावलेली, छाटून कंबरेएवढी ठेवलेली, फळांनी लगडलेली झुडपे. मांकिराच्या जंगलात शिरल्यावर दहा मिनिटे मला कॉफी दिसलीच नाही. वर कॉर्डिया, अल्बिझिया, क्रोटन यांसारख्या उंच वृक्षांचे छत. त्यांच्या फांद्यांवर शेवाळ, नेचे आणि आमरी. कोठेतरी वर धनेशाच्या जातीच्या पक्ष्यांचा कर्कश आवाज आणि काळ्यापांढऱ्या लांबशेपट्या कोलोबस माकडांच्या उड्या. मग वाटाड्याने एका बारीक खोडावर हात ठेवला. मनगटाएवढे जाड, राखाडी, सालीवर शेवाळाचे ठिपके असलेले ते खोड माझ्या डोक्याच्या दुप्पट-अडीचपट उंच गेले होते आणि उजेडाच्या शोधात एका बाजूला कलले होते. समोरासमोर फुटलेल्या आडव्या फांद्या, चकचकीत, कडा नागमोडी असलेली पाने, आणि संपूर्ण फांदीवर फार तर आठ-दहा फळे: काही हिरवी, दोन पिवळसर, तीन लालभडक. तेच झाड! चिखलदऱ्याला पंचवीस वर्षे दाखविलेले. मी एक लाल फळ तोंडात टाकले. साल पातळ, गर अगदी थोडा पण गोड, आणि आत एकमेकींना चिकटलेल्या, बुळबुळीत आवरणातल्या दोन बिया.

खाली पाहिले तर पायांखाली कॉफीचीच रोपे होती. पडलेल्या फळांतून उगवलेली, दोन गोल बीजपत्रांची, बोटभर उंचीची शेकडो रोपे पालापाचोळ्यातून वर आलेली. यांतली बहुतेक सावलीत खुरटून मरतील आणि एखादेच वाढेल. कोणी पेरले नाही, कोणी पाणी घातले नाही. अरॅबिका स्वतःच्याच परागाने फळ धरू शकते. कॉफीच्या इतर जातींत २२ गुणसूत्रे असतात, तर हिच्यात ४४, कारण लाखो वर्षांपूर्वी रोबस्टा आणि युजेनिऑइडिस या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून ही जन्मली. हे मी फळ्यावर लिहून शिकविले होते. त्या रोपांमध्ये उकिडवी बसले तेव्हा ते सारे पहिल्यांदा खरे वाटले.

वाटाड्याने काल्दीची गोष्ट सांगितली. कॉफीची लाल फळे खाऊन शेळ्या नाचू लागल्या, म्हणून काल्दी नावाच्या गुराख्याला कॉफी सापडली, ही ती प्रसिद्ध कथा. तिचे सर्वांत जुने ज्ञात लिखित रूप १६७१ साली रोममध्ये छापले गेले आणि त्यात काल्दी हे नावही नाही. गोष्ट गोड आहे, परंतु ती ऐकताना मला एक खटकते: सगळे श्रेय शेळ्यांना आणि योगायोगाला मिळते. या जंगलात राहणाऱ्या माणसांनी फळ चघळून, पाने उकळून, बी लोण्यात मळून, भाजून, कांडून पिढ्यान्‌पिढ्या जे प्रयोग केले असतील, त्यांचे श्रेय कोणालाच मिळत नाही. आजही या भागात कॉफीच्या पानांचा मसालेदार काढा पितात.

झाडांवर उंच जागी लाकडी नळकांड्यांसारखी मधमाश्यांची पोळीघरे टांगलेली होती. कॉफी, मध आणि कोरारिमा नावाची रानवेलची या तीन गोष्टींवर येथील कुटुंबांचा वरखर्च चालतो आणि तिन्ही गोष्टी जंगल उभे असेल तरच मिळतात. साडेसात लाख हेक्टरांहून मोठे काफाचे जीवावरण क्षेत्र २०१० साली युनेस्कोने मान्य केले, त्यामागे हाच विचार आहे. हेक्टरी उत्पन्न मळ्यापेक्षा फारच कमी येते, म्हणून झाडे तोडून मोकळे रान करण्याचा मोह सतत असतो. मोकळे रान झाले की कॉफीचे उत्पन्न वाढते, आणि तिच्या रानातल्या चुलत्या-मावश्या मरतात. २०१९ साली लंडनच्या क्यू उद्यानातील संशोधकांनी जगातील १२४ रानटी कॉफी-जातींपैकी सुमारे ६० टक्के जातींना नष्ट होण्याचा धोका असल्याचे दाखविले, आणि रानटी अरॅबिका त्यांत आहे.

परतताना आभाळ भरून आले आणि वाटाड्याने जवळच्या एका घरात नेले. घरच्या बाईने काही न विचारता ओले हिरवे गवत आणून जमिनीवर पसरले. आपल्याकडे पाटाभोवती रांगोळी घालतात तसे ते पसरणे होते. काम म्हणून नव्हे, मान म्हणून. मग तिने लोखंडी तव्यावर मूठभर कच्चे दाणे घेतले, पाण्याने धुतले, आणि निखाऱ्यांवर भाजू लागली. हिरवट दाणे आधी पिवळे, मग तपकिरी झाले, तडतडले, आणि धूर सुटला तशी ती तवा हातात घेऊन आम्हा प्रत्येकापुढे आली. तो धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा असतो, आरती घेतो तसा. नंतर लाकडी उखळात दाणे कांडले गेले. काळ्या मातीच्या, गोल बुडाच्या, लांब मानेच्या ‘जेबेना’त पाणी उकळत होते; त्यात पूड पडली. बाजूला धूपदाणीत ऊद जळत होता, आणि एका परडीत मक्याच्या लाह्या होत्या.

‘सिनी’ म्हणजे कानाशिवायचा, वाटीसारखा लहान पेला. दाटीने मांडलेल्या पेल्यांवरून तिने वीतभर उंचीवरून एकच सलग धार फिरविली आणि एकही थेंब गवतावर पडला नाही. पहिल्या पेल्यात, म्हणजे ‘अबोल’मध्ये, कॉफी इतकी दाट होती की जिभेवर चव बराच वेळ रेंगाळली. त्याच गाळावर पुन्हा पाणी घालून दुसरा पेला होतो, तो ‘तोना’. आणि तिसरा, सर्वांत पातळ, ‘बरका’ म्हणजे आशीर्वाद. ज्याच्या घरी बसलो त्याच्याकडून तिन्ही घेतल्याशिवाय उठायचे नसते. सगळ्याला मिळून दीड-दोन तास जातात, आणि त्या वेळात शेजारीण येते, भावाचे भांडण निघते, लग्न ठरते.

दुसरा पेला संपला तेव्हा पाऊस थोडा थांबला होता. रस्ता चिखलाने अडेल या भीतीने मोटारचालक घाई करू लागला आणि मी उठले. बाई काही बोलली नाही. फक्त तिने तिसऱ्या पेल्यासाठी जेबेनात ओतायला घेतलेले पाणी पुन्हा खाली ठेवले. वाटेत वाटाड्या म्हणाला, ‘इमामा, आशीर्वाद राहिला.’ त्या संध्याकाळी रस्ता काही अडला नाही, आम्ही वेळेच्या आत बोंग्याला पोहोचलो, आणि मला फार वाईट वाटले.

पाचवा दिवस : पुन्हा जिम्मा, आणि चोचे

परतीच्या वाटेवर जिम्मा ओलांडून आगारोच्या दिशेला चोचे गाव पाहिले. कॉफीचा शोध आपल्याकडे लागला असे येथील ओरोमो लोक सांगतात, त्यामुळे काफाशी त्यांची जुनी चढाओढ आहे. ओरोमो समाजात ‘बुना कला’ हा विधी असतो. सालासकट सबंध कॉफीफळे लोण्यात तळून जन्म, सलोखा, उपासना अशा प्रसंगी वाटतात. हा प्रकार मला पाहायला मिळाला नाही, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

सहावा दिवस

हा सगळा दिवस प्रवासात गेला. जिम्म्याहून अदिस, अदिसहून हवासा, आणि तेथून मोटारीने दक्षिणेला दिल्लापर्यंत. दिल्ला जवळ आले तसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीची दाट राने दिसू लागली. भाचीने सांगितले की ही केळी नव्हे, हे एन्सेट.

सातवा दिवस : यिर्गाचेफे

यिर्गाचेफे गाव ज्या गेदेओ लोकांच्या डोंगराळ मुलखात आहे, तेथे दर चौरस किलोमीटरमागे इतकी माणसे राहतात की एवढ्या उतारावर इतक्या जणांचे पोट कसे भरते हा प्रश्नच पडावा. उत्तर त्यांच्या परसात आहे. सर्वांत वर जुने देशी वृक्ष, त्यांच्याखाली एन्सेट, एन्सेटच्या आडोशाला कॉफी, आणि मध्ये भाजीपाला. एन्सेट केळीच्या कुळातली असली तरी तिचे फळ खात नाहीत. खोडाचा गाभा आणि कंद खरवडून, खड्ड्यात पानांत गुंडाळून आंबवितात आणि त्याची ‘कोचो’ नावाची भाकरी भाजतात. दुष्काळात धान्य बुडाले तरी ही उभीच असते. त्यामुळे गेदेओ शेतकरी कॉफी विकतो ती पोटासाठी नव्हे, रोख पैशासाठी. पोट एन्सेटवर चालते. २०२३ साली या सबंध भूप्रदेशाला, त्यातील प्राचीन शिळास्तंभ आणि राखीव देवरायांसह, जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. येथे देवराई जपणारी माणसे पाहून कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या देवराया आठवल्या नसत्या तरच नवल.

दुपारनंतर सहकारी संस्थेच्या धुलाई केंद्रावर थांबलो. दिवस कलायला लागला की बायका-मुले पाठीवरून, गाढवांवरून लाल फळांची पोती आणू लागतात. आधी जमिनीवर पसरून हिरवी आणि किडकी फळे वेचून बाजूला काढली जातात, मग वजन होते. फळे त्याच रात्री यंत्रात घालून साल आणि गर वेगळा करावा लागतो, कारण उशीर झाला की चव बिघडते. बियांवर उरलेला बुळबुळीत थर सुटावा म्हणून त्या हौदात दीड-दोन दिवस आंबू देतात आणि नंतर लांब, उतरत्या सिमेंटच्या चरांत वाहत्या पाण्यात लाकडी फावड्यांनी ढवळतात. भारी दाणे बुडतात, हलके तरंगत पुढे जातात. प्रतवारीची सुरुवात पाणीच करते. ढवळणारी माणसे एका सुरात गात होती आणि फावडी त्या ठेक्यावर चालत होती.

त्यापुढे उतारावर कंबरेएवढ्या उंचीच्या जाळीच्या माचांच्या रांगा होत्या. धुतलेले दाणे त्यांवर दहा-बारा दिवस वाळतात. भर दुपारी आणि रात्री त्यांवर कापड ओढतात, नाहीतर टरफल तडकते किंवा दव लागते. माचांच्या दोन्ही अंगांना बायका उभ्या होत्या. मी एकीशेजारी अर्धा तास उभी राहिले. तिची बोटे दाण्यांवरून फिरत, थांबत, एक दाणा उचलून कमरेच्या फडक्यात टाकीत. आपल्याकडे तांदूळ निवडताना खडा जसा नजरेआधी बोटांना कळतो, तसेच. मला चांगला वाटलेला एक दाणा तिने बाहेर काढला. मी खुणेने कारण विचारले, तेव्हा तिने तो उलटा करून दाखविला: सुईच्या अग्राएवढे किड्याचे छिद्र. जगात ज्या कॉफीला जाई-मोगऱ्याचा आणि लिंबाच्या फुलांचा सुगंध म्हणून गौरवितात, त्या सुगंधाची राखण करणारी ही बोटे आहेत, आणि दिवसभराच्या या कामाची मजुरी परदेशातल्या एका पेल्याच्या किमतीहून कमी भरते. हे मी तेथे विचारून लिहीत आहे.

साधारण सहा किलो फळांतून एक किलो कच्चे दाणे निघतात. शेतकऱ्याला पैसे फळांच्या वजनावर मिळतात; सहकारी संस्थेला नफा झाला तर हंगाम संपल्यावर दुसरा हप्ता मिळतो. उसाच्या पट्ट्यातल्या वाचकाला या व्यवस्थेतली आशा आणि तिच्यातली वाट पाहणे वेगळे सांगावे लागणार नाही.

आठवा दिवस : अदिस अबाबा

हवासाहून सकाळी परत आलो. देशात पिकणाऱ्या कॉफीपैकी सुमारे निम्मी देशातच प्यायली जाते, आणि असा दुसरा मोठा उत्पादक देश आफ्रिकेत नाही. परंतु निर्यातीच्या प्रतीची कॉफी देशी बाजारात विकण्यास मनाई असल्यामुळे, माचांवर वेचून बाजूला टाकलेले दाणेच बहुतांश घरांत भाजले जातात. परकीय चलनाची देशाला असलेली निकड मी समजू शकते. तरी पिकविणाऱ्याने स्वतःचे उत्तम पीक चाखू नये, ही गोष्ट मला पटत नाही.

२००५ साली इथिओपियाने यिर्गाचेफे, सिदामो आणि हरार या नावांवर अमेरिकेत व्यापारचिन्हाचा हक्क मागितला, तेव्हा तेथील कॉफी-व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने हरकत घेतली आणि एका बलाढ्य कॉफी-कंपनीशी वाद चालून २००७ मध्ये समझोता झाला. गावांची नावे त्या गावांची आहेत, हे सिद्ध करायलाही देशाला झगडावे लागले. २००८ पासून बहुतेक कॉफी सरकारी विनिमय केंद्रातून विकली जाऊ लागली. भावाची पारदर्शकता आली, पण पोती एकत्र मिसळल्यामुळे कोणती कोणाच्या डोंगरावरची हे कळेनासे झाले. २०१७ नंतरच्या सुधारणांनी मूळ गावापर्यंत माग ठेवण्याची मुभा पुन्हा दिली. हवामानाचे संकट यापेक्षा मोठे आहे. आज कॉफी पिकते त्या जमिनीपैकी ३९ ते ५९ टक्के जमीन या शतकाच्या अखेरीस तिला मानवणार नाही, असा २०१७ मधील एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. माचांशी उभ्या असलेल्या बायकांना हा आकडा ठाऊक नसेल. पाऊस आता सांगून येत नाही, हे मात्र त्यांनीच मला सांगितले.

संध्याकाळी भाचीच्या एका मैत्रिणीने घरी बोलावले. ‘बुना तेतू’, म्हणजे कॉफी प्यायला या. जेवायला या म्हणण्याइतकाच तिथे या बोलावण्याला मान आहे. तिच्या आईने दिवाणखान्यातल्या फरशीवर गवत पसरले होते, निखाऱ्यांऐवजी गॅसची शेगडी होती, आणि बाकी सारे मांकिरासारखेच होते: तोच तवा, तोच धूर, तीच उंचावरून सोडलेली धार. मी माझ्या पिशवीतून जायफळ काढून दिले आणि आमच्याकडे ते कॉफीत किसून घालतात असे सांगितले. त्या माउलीने ते नाकाशी नेले, हसल्या, आणि आत जाऊन तीव्र वासाच्या हिरव्या पानांची एक काडी घेऊन आल्या. ‘तेनाआदाम’ म्हणजे सताप. ते त्यांच्याकडे कॉफीत बुडवून पितात. दोन्ही करून पाहिले. जायफळाची कॉफी त्यांना थोडी जड वाटली, सतापाची मला थोडी कडू.

दुसरा पेला झाला तेव्हा बाहेर अंधारू लागले होते. विमान रात्रीचे होते आणि सामान मोटारीत ठेवलेले होते. चालकाने दारातून डोकावून ‘एक वाजता निघू’ म्हणून सांगितले, आणि मी सवयीने दचकून घड्याळाकडे पाहिले. सहा वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यांचा एक म्हणजे आमचे सात. आईंनी जेबेनात पाणी ओतले आणि ती पुन्हा शेगडीवर ठेवली.